टोनचा बिघाड

१

"घरघरकाकांचा मुलगा म्हणे परत आलाय. आणि काका त्याला मागच्या खोलीत..."

एवढंच ऐकलं मी. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे तळमजल्यावरची शिवणवाली आणि पोस्टातली बाई बोलत होत्या, आणि मी अलीकडे कपड्यांचे चिमटे गोळा करत होते. चादरीखालून माझे पाय दिसले असणार. वाक्य तिथंच तुटलं आणि शिवणवाली उन्हाबद्दल बोलायला लागली. ऊन कसलं, आठवडाभर आभाळ नुसतं भरून होतं.

दुसऱ्या कुणाचा विषय असता तर मी सोडून दिला असता. नाही, खोटं कशाला बोलू, तरीही नसता सोडला. पण घरघरकाका म्हणजे माझ्या भिंतीपलीकडचे. त्यांची कामाची खोली आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात एका विटेचं अंतर. गेली एकोणीस वर्षं त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, कुणाला सर्दी झाली, हे सगळ्यात आधी मला कळतं. मुलगा परत आला आणि मला पत्ता नाही, म्हणजे माझी काही किंमतच राहिली नाही.

काका रेडिओ, स्पीकर आणि गाण्याबजावण्याची विजेवरची वाद्यं दुरुस्त करतात. टेबलावर कायम काहीतरी पोट उघडून पडलेलं आणि त्याची घरघर चालू. म्हणून बिल्डिंगनं त्यांना हे नाव दिलं. त्यांनाही ते माहीत आहे. एकदा कुणीतरी दारावर खडूनं लिहिलं, तर त्यांनी पुसलं नाही, खाली कामाची वेळ लिहून ठेवली.

मुलगा दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायला गेला. पहिले आठ-दहा महिने फोन यायचे. मग बंद. चार महिन्यांपूर्वी एक लांबलचक काळी पेटी आली, तिच्यात त्याची गिटार, आणि बोटीच्या कंपनीची चार ओळींची चिठ्ठी. तो एका बंदरावर उतरला, बोट सुटायच्या वेळेला परतला नाही, सामान घरच्यांकडे पाठवत आहोत. बस. तो आहे की नाही, हे त्या चार ओळींत कुठंच नव्हतं.

२

घरात काका आणि सून, दोघंच.

सून चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काचा घासायला जाते. बारीक अंगाची, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं. तिची नजर अशी की माझ्या ओट्यावरचा तडा मला दिसायच्या आधी तिला दिसला. लग्नानंतर नवरा जेमतेम तीन वर्षं घरात होता. त्यानंतर ती थांबलेलीच आहे.

तिच्या भावानं त्याच्या गावात तिला नोकरी बघितली होती. मोठं दुकान, पूर्ण दिवसाचं काम, वर राहायला खोली. महिनाअखेरीला शनिवारी तो गाडी घेऊन न्यायला येणार होता. ती हो म्हणत नव्हती आणि नाही म्हणत नव्हती. मी तिला जिन्यात धरून दहादा सांगितलं असेल, बाई गं, जा, तिशीच्या आत आहेस, इथं बसून कुणाची वाट बघणार? ती म्हणायची, बघू काकू.

काकांना मी विचारलं, तर म्हणाले, तिची इच्छा. असं म्हणताना ते स्क्रू शोधत होते, आणि स्क्रू त्यांच्या हातातच होता.

३

गच्चीवरून उतरले ती वाटी घेऊन सरळ काकांच्या दारात. साखर संपली म्हटलं. माझ्याकडे डबा भरलेला होता, पण मला मागची खोली बघायची होती.

बघितली. दार सताड उघडं. घडी घातलेली खाट, दोन बॅगा, इस्त्रीचं टेबल, दोरीवर काकांचे मोजे. लपायला जागाच नाही. शिवणवालीच्या बातमीचं कापड तिथंच उसवलं. मी खूश झाले आणि जराशी नाराजही.

कामाच्या खोलीत टेबलावर ती गिटार आडवी होती. लांब मानेची, तपकिरी, आणि तारा केवढ्या जाड, चपलेच्या पट्ट्यांसारख्या. चारच. खालच्या अंगाला तीन गोल बटणं. काकांनी पाठीमागचं झाकण उघडलं होतं आणि आतल्या वायरी बाहेर काढल्या होत्या.

मी विचारलं आणि त्यांना कुणी विचारलेलं आवडतं. दोन बटणं आवाज कमी-जास्त करायची, तिसरं टोनचं. टोन उघडला की तारेचा खणखणाट ऐकू येतो. बंद केला की खणखणाट जातो, नुसता पोटातला आवाज उरतो. बोदा. भिंतीपलीकडून ऐकू यावा तसा.

मी म्हटलं, म्हणजे मी गेली एकोणीस वर्षं तुम्हाला टोन बंद करूनच ऐकतेय. काका हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

बिघाड असा होता की टोन कितीही उघडा, आवाज बोदाच. तोही कायम नाही. तासभर चांगला वाजतो, मग मध्येच बोदा होतो, मग परत सुधारतो. काकांनी बटणात फवारा मारून झाला होता, मीटर लावून झाला होता. वहीत एकेक ओळ लिहिलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहायची आणि मग वाजवून बघायचं, ही त्यांची पद्धत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड गेला तरी कशानं गेला ते कळत नाही म्हणाले.

आणि स्पीकरमधून ती नेहमीची घरघर. मी म्हटलं, ही नाही का थांबत? काकांनी तळहात चारही तारांवर ठेवला. घरघर एकदम दबली. हात उचलला, परत सुरू.

"तारा आतून वायरीला जोडलेल्या असतात, वहिनी. माणसाचा हात पडला की घरघर दबते. गिटार कुणाच्या हातात आहे की नुसतीच पडलीय, हे मला पाठ फिरवूनही कळतं."

मग ते वाटी घेऊन आत गेले. मी स्टुलावर बसून राहिले. पंखा बंद होता. खाली कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. समोर गिटार, तिच्या पोटातून निघालेल्या लाल-काळ्या वायरी, आणि घरघर.

घरघर थांबली.

मला वाटलं काकांनी आतून काहीतरी बंद केलं. पण स्पीकरवरचा लाल दिवा चालू होता. मी माझे हात बघितले. ते माझ्या मांडीवर होते. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण स्वयंपाकघरात काका डबा उघडत होते, त्याचं झाकण जमिनीवर पडलं, गोल फिरलं आणि स्थिर झालं, ते सगळं मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्यांची पावलं वाजली आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

साखर घेऊन मी घरी आले आणि भरलेल्या डब्यात ओतली.

४

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरातलं असतं. मी सांगितल्यावर वर्तमानपत्र न सोडता म्हणाले, खाली कुणाचा तरी फ्रीज बंद पडत असेल. फ्रीज चालू झाला की लाइनीत घरघर येते, बंद झाला की जाते. त्यात काय एवढं.

मला ते पटलं. पटवून घ्यायचं होतं, असं म्हणा.

आता मी भिंतीला कान लावून वेळ बघायला लागले. घरघर सकाळपासून चालू असायची. दुपारी दोनच्या सुमारास थांबायची. कधी पाच मिनिटं, कधी वीस. त्या वेळात काका तार छेडायचे. आमच्याकडे तो आवाज तसाही बोदाच येतो, पण आता मला त्यातला फरक कळायला लागला होता. चांगली वाजलेली तार भिंतीतून लांबत यायची. दोननंतरची तार येऊन तिथंच बसायची. कुणी दार लावावं तशी.

मग मी फ्रीज मोजायला निघाले. हसू नका. तीन दिवस, बरोबर दोन वाजता, काहीतरी निमित्त काढून एकेकाच्या स्वयंपाकघरात. शिवणवालीचा फ्रीज बिघडून महिना झाला होता, तिनं त्यात कापडं ठेवली होती. पोस्टातल्या बाईचा चालूच होता, मी असेपर्यंत बंद झाला नाही. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे फ्रीजच नव्हता, होती ती कुणीतरी ऐकून घ्यावं ही भूक, चाळीस मिनिटं सुटले नाही. चौथ्या दिवशी मी माझ्याच फ्रीजचं बटण बंद करून भिंतीशी उभी राहिले. पलीकडे घरघर चालू. दोन वाजून सहा मिनिटांनी थांबली.

ह्यांना सांगितलं नाही. वर्तमानपत्राआडून आणखी एक कारण आलं असतं, आणि मग मला तेही तपासायला जावं लागलं असतं.

५

महिनाअखेरीला आठ दिवस होते तेव्हा काकांनी भिंतीवर टकटक केलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी हात पुसत गेले. सून कामावर होती.

काकांचे डोळे लाल होते, पण चेहरा उजळलेला. वही पुढं केली. मला त्यातलं अर्धं वाचता आलं, त्यांनी उरलेलं सांगितलं. टोनचं बटण बदललं, तरी बोदा. त्याच्या पायाशी लावतात तो कंडेन्सर बदलला, तरी बोदा. वायरी झाळलेले सगळे जुने डाग काढून नवे दिले. वायर बदलली, स्पीकर दुसरा आणला. शेवटी टोनची दोन्ही टोकं सोडवून ते बटणच काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे आता गिटारीत टोन नाहीच. तरी दोननंतर आवाज बोदा.

मग नव्या तारा चढवल्या. बोदा.

"आणि काल मी वायर उपसली. वीजच नाही. नुसतं लाकूड आणि तार. कान लावून छेडली, तरीही तशीच. वीजच नाही तर टोन कसला बिघडणार, वहिनी?"

ते स्वतःवरच हसत होते. शिकाऊ माणसानंही जे सगळ्यात आधी करावं, ते त्यांनी सगळ्यात शेवटी केलं होतं. वीजवाला माणूस, आधी विजेतच शिरला. तीन महिने त्यांनी त्या बिचाऱ्या बटणाला दोष दिला.

मी विचारलं, मग बिघाड कशात?

त्यांनी मला जवळ बोलावलं. वायर उपसलेलीच होती. त्यांनी जाड तार छेडली. ती खोलीभर लांबत गेली, माझ्या दातांत जाणवली. आम्ही थांबलो. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून काही मिनिटं झाली होती. त्यांनी परत छेडली.

थड्.

एवढंच. गादीवर बुक्की मारावी तसं.

"टोन पहिल्या दिवसापासून ठीक आहे," काका म्हणाले. "तारांवर हात आहे."

मुलगा लहानपणापासून वाजवताना तळहात तारांवर टेकवून ठेवायचा, आणि काका ओरडायचे, हात उचल, तार मोकळी सोड. हे ते मला अशा आवाजात सांगत होते की आपण काही न बोललेलंच बरं. मग म्हणाले, तुम्ही छेडून बघा. मला नको होतं. पण नको म्हणणं माझ्या स्वभावात नाही, सगळ्यांना माहीत आहे.

तार थंड होती. बाहेर ढगाळ, खोलीत गारवा, लोखंड थंडच असणार. पण माझं बोट तारेवरून सरकत थोडं पुढं गेलं आणि तिथं तार कोमट लागली. चार बोटांच्या रुंदीएवढी. त्याच्यापुढे पुन्हा थंड.

मी हात काढून घेतला आणि गॅसवर दूध आहे असं सांगून आले. दूध नव्हतं.

घरी येऊन मी स्वतःला समजावलं. काकांचाच हात आधी तिथं असणार. माणसाचा हात लागला की लोखंड तापतं थोडं. एवढी साधी गोष्ट. मग आठवलं की काका पूर्ण वेळ दुसऱ्या टोकाला उभे होते.

६

सून मला दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटली. कामावरून येत होती, नखांत काचेची पांढरी भुकटी. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, बाबांनी तिलाही दाखवलं.

मी तिला पायरीवर बसवलं. म्हटलं, हे बघ, म्हातारा माणूस, एकुलता मुलगा, मनाला वाटतं ते कानाला ऐकू येतं. खरं तर माझ्याही कानाला आलं होतं, ते मी गिळलं. तिला म्हटलं, भावाबरोबर जा. काकांकडे मी बघेन, दोन वेळचं ताट माझ्याकडून जाईल, भिंत तर आहेच.

ती नखांतली भुकटी काढत राहिली. मग म्हणाली:

"काकू, ते आले असतील आणि मीच गेले असेन तर?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मनात मात्र काकांचा राग आला. मुलगी जेमतेम काठाला लागत होती, आणि त्यांनी परत तिला आत ओढलं. पुढं ती म्हणाली की भावाला तिनं अजून कळवलेलं नाही. बाबा म्हणालेत शनिवारी नीट दाखवतो, वायर लावून, भर उजेडात, मग तू ठरव. काकू, तुम्हीही या. तुमची नजर शाबूत असते.

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी रीतसर बोलावून डोकवायला सांगत होतं, आणि मला जावंसं वाटत नव्हतं.

७

शनिवारी दीड वाजता भावाची गाडी खाली लागली. त्यानं हॉर्न दोनदा वाजवला आणि वर आला नाही, त्याला जिने चढायला त्रास होतो. सुनेची बॅग मागच्या खोलीत खाटेवर होती. उघडी. अर्धे कपडे आत, अर्धे बाहेर.

काकांनी खिडकीचा पडदा काढूनच टाकला होता. त्या दिवशी नेमकं आभाळ निवळलं होतं आणि टेबलावर चांगला उजेड होता. टोनचं बटण परत जागेवर बसवलेलं, झाकण लावलेलं, गिटार पुसून स्वच्छ. लग्नाला उभं करावं तशी. आम्ही तिघं तीन बाजूंना बसलो. काका गिटारीच्या पोटाशी, सून मानेच्या टोकाला, मी दाराजवळ, कारण मला दार लागतं. सगळ्यांनी हात मांडीवर ठेवायचे, काका म्हणाले, दिसतील असे. त्यांनी स्पीकर चालू केला. लाल दिवा. घरघर.

बसलो. खाली भाऊ कुणाशीतरी फोनवर मोठ्यानं बोलत होता. आमच्या ह्यांचा खोकला भिंतीतून आला आणि मला केवढा आधार वाटला.

दोन वाजले. सुनेनं डोळे मिटले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मग घरघर थांबली.

काकांनी सुनेकडे बघितलं. गिटारीकडे नाही, सुनेकडे. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही. दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघतो तसं काहीतरी. मला ते तेव्हा कळलं नाही.

सुनेच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ती म्हणाली, आहात का? एवढ्या हळू की मी दाराशी नसते तर ऐकू आलं असतं, दाराशी होते म्हणून अंदाजानं समजले. तिनं डोळे उघडले आणि तारांकडे बघितलं. तिची नजर मी सांगितली आहे. ती बघतच राहिली. रडणं थांबलं. म्हणून मीही बघितलं.

गिटारीच्या मानेवर पितळी पट्ट्या असतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. वाजवणारा दोन पट्ट्यांच्या मध्ये तार दाबतो, तेव्हा ती तिथं खाली बसते, लाकडाला टेकते. उजेडात ते नीट दिसतं. मानेच्या टोकाला, सुनेच्या हाताशी, दोन तारा बसलेल्या होत्या. ठीक आहे, हात असेल तर बसतील. पण त्याच वेळी पार खाली, काकांच्या बाजूला, तिसरी तार बसलेली होती. आणि मध्येही एक. मी माझा खांदा ते मनगट अंतर मनात धरून बघितलं. तेवढं होतं. एका पंज्याचं ते काम नाही. दोन हात म्हणावेत, तर चारही दाब एकसारखे होते, एकाच वेळी बसलेले, एकाच्याच मालकीचे.

मग ते सरकले. चारही एकदम, एका पट्टीचं घर ओलांडून. आवाज असा झाला नाही, तारेवर नख ओढल्यासारखी किंचित खसखस. टोकाकडे. सुनेकडे.

परत एक घर.

टोकाच्या पुढे तारा संपतात. तिथून पुढे फक्त तिचे गुडघे होते आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात.

सून उठली. स्टूल मागं पडलं नाही, तिनं ते हातानं धरून बाजूला केलं, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाच्या खोलीतून उठावं तसं. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली:

"बाबा, हा त्यांचा हात नाही."

पुढे होऊन काकांनी आपला तळहात तारांवर टेकवला, खालच्या अंगाला, कोमट जागा असते तिथं. कुत्र्याच्या मानेवर ठेवावा तसा.

"माहीत आहे, पोरी."

मी म्हणाले, काका.

सून विचारत होती, कधीपासून माहीत आहे? काका म्हणाले, वायर उपसली त्या दिवसापासून. त्याचा हात मला ठाऊक नाही का. मग मला का सांगितलं, बाबा? खालून हॉर्न वाजला, तीन वेळा.

"तू राहिली असतीस," ते म्हणाले. "आणि गेलीस तर मला एवढंच आहे."

८

बॅग मी भरली. कपडे घड्या न घालताच कोंबले. ती काकांच्या पाया पडायला वाकली नाही, पण दारातून परत गेली आणि त्यांचा चष्मा काढून आपल्या ओढणीच्या टोकानं पुसून परत घातला. काकांनी एक हात वर केला, तिच्या डोक्यावर ठेवायला. दुसरा तारांवरच होता. गाडीत बसताना तिनं माझा दंड एवढा घट्ट धरला की चार दिवस वळ होते. ती मला म्हणाली, त्यांना एकटं सोडू नका. मग आपलं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिनं काच वर केली.

तिचा फोन येतो आठवड्याला. काम आवडलंय. खोलीत पंख्याचा आवाज येतो तो तिला चालतो, पण बंद झालेला चालत नाही, म्हणून पंखा ती कायम चालू ठेवते.

ताट मी देते, दोन्ही वेळचं. दारातच. काका आत या म्हणत नाहीत आणि मी विचारत नाही. तब्येत चांगली आहे त्यांची. दाढी करतात. दुरुस्तीची कामं घेणं बंद केलंय. घरघर सकाळी सुरू होते आणि आता दोनची वाट बघत नाही, कधीही थांबते. थांबली की काकांचं बोलणं ऐकू येतं. बाजाराचं, गुडघ्याचं, जुन्या गिऱ्हाइकांचं. मध्ये थांबतात, समोरच्यानं उत्तर द्यावं एवढा वेळ. मग हसतात. मी आमच्या ह्यांना सांगून ओटा दुसऱ्या भिंतीला हलवून घेतला. कारण विचारलं तर म्हटलं, उजेड. वर्तमानपत्राचं पान मात्र त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

परवा मी ताट द्यायला गेले तर दार उघडंच होतं आणि काका जिन्यातून वर येत होते, हातात भाजीची पिशवी. आम्ही दोघं उंबऱ्याशी उभे. आत घरघर चालू होती. काका सांगत होते की आज ताट जरा जास्त वाढा, वहिनी. आणि आमच्या दोघांच्या देखत ती थांबली. काकांनी बोलता बोलता आत नजर टाकली आणि आवाज खाली आणला, घरात कुणी झोपलेलं असावं तसा. मी ताट दिलं. खोलीकडे बघितलं नाही. मी, आणि बघितलं नाही.

काल गच्चीवर शिवणवालीनं मला गाठलं. सून का गेली, मुलगा खरंच आलाय का, काका त्याला मागच्या खोलीत दडवून ठेवतात म्हणे, सगळं एका दमात. मी तिला सांगितलं, मागच्या खोलीत कुणी नाही, मी स्वतः बघितलंय, मोजे आहेत. मुलगा आलेला नाही. हे दोन्ही खरं आहे. तिचा चेहरा पडला, चांगली बातमी हातची गेली म्हणून. चिमटे काढता काढता ती म्हणाली:

"म्हणजे काका घरात एकटेच असतात ना?"

माझी चादर अजून ओली होती. तशीच गोळा केली आणि खाली आले.